दगडांच्या मुलखात गवताचे छप्पर

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतला माळ दगडांनी भरलेला आहे. नांगराच्या तासागणिक फाळाला धोंडा लागतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या वेचूनही शेतातले दगड संपत नाहीत. एवढा फुकटचा माल हाताशी असताना इथल्या शेतकऱ्याने शेतातला निवारा मात्र दगडाचा केला नाही. त्याची खोप उभी राहिली ती बाभळीच्या मेढींवर, आणि तिच्यावर पडले गवत, कडबा, तुराट्या, पुढे ऊस आल्यावर पाचट. भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्याने याच अडचणीतून वेगळी वाट काढली. इटलीच्या दक्षिणेकडील पुलिया प्रांतातल्या ‘त्रुल्ली’, फ्रान्सच्या प्रोव्हान्समधल्या ‘बोरी’, क्रोएशियाच्या इस्त्रियातले ‘काझुन’ ही सगळी शेतातून वेचलेल्या दगडांची घरे आहेत. चुना नाही, माती नाही, लाकडी तुळई नाही. दगडावर दगड रचत भिंत चढवायची आणि तीच भिंत आत वळवत नेऊन तिचेच छप्पर करायचे. पुलियातले अल्बेरोबेल्लो हे त्रुल्लींचे गाव १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मग कोरड्या रचाईची अशी खोपटी सातारा-सांगलीच्या माळावर का उगवली नाहीत?

या प्रश्नाची दोन उत्तरे चटकन सुचतात. आपल्या शेतकऱ्याला ती कला येत नव्हती हे एक, आणि गरिबीमुळे त्याला जमले नाही हे दुसरे. दोन्ही उत्तरे पुराव्यापुढे टिकत नाहीत. कोरडी रचाई सातारा-सांगलीत भरपूर आहे, फक्त ती छपरात नसून जमिनीला टेकून आहे. आणि तिच्यावर ओतलेले कष्ट पाहिले तर एकेका वाडीने शंभर खोपट्यांपुरते काम केलेले दिसते. निवाऱ्याचे छप्पर कशाचे असावे, हे परिसरात दगड किती आहे यावर ठरत नाही. तो दगड कसा फुटतो, छपरासाठी दुसरे काय मिळते आणि शेतकऱ्याचे मोकळे दिवस कुठे खर्च केले तर ते पिकातून परत येतात, या तीन गोष्टींवर ते ठरते. या प्रकरणात हीच बाजू मांडायची आहे. दोन्ही जिल्हे एकत्र घेण्याचे कारणही सांगायला हवे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. प्रशासनाने रेषा ओढली तरी पश्चिमेचा सह्याद्री, मधले कृष्णाखोरे आणि पूर्वेचा अवर्षणी माळ हे तिन्ही पट्टे दोन्ही जिल्ह्यांत सलग पसरलेले आहेत.

आधी इथली रचाई कुठे आहे ते पाहू. उताराच्या शेतात आडवी घातलेली ताल हा तिचा सर्वांत मोठा नमुना. ओघळाच्या किंवा उताराच्या आडवी दगडांची भिंत रचायची, तिच्या मागे दर पावसाळ्यात वाहून आलेली माती साठू द्यायची, माती भिंतीच्या माथ्याला आली की वर आणखी थर चढवायचे, आणि काही वर्षांत जिथे नुसता मुरूम होता तिथे ज्वारी येईल एवढे रान तयार करायचे. पाया खणून सर्वांत मोठे धोंडे तळाशी, लांबोडका दगड आडवा आत शिरेल असा, दोन दगडांचा सांधा वरच्या थरात तिसऱ्या दगडाखाली झाकला जाईल अशी सांधेमोड, पोटात बारीक दगडांची भरती, फटीत ठोकलेल्या कपच्या आणि भिंतीचा तोल उताराच्या वरच्या अंगाला किंचित झुकलेला, हे सगळे नियम तालीत पाळलेले असतात. याखेरीज शेताच्या सीमेवरचे गडगे, जनावरांच्या वाडग्यांची कुंपणे, घराखालचे चौथरे आणि जुन्या विहिरींचे बांधकाम यांतही दगडावर दगड बसवण्याची हीच समज दिसते. प्रोव्हान्सच्या कारागिराला यातला एकही नियम नवा वाटणार नाही. म्हणजे कला येत नव्हती हे म्हणणे इथेच निकालात निघते.

मग ही भिंत आत वळून छप्पर का झाली नाही? त्यासाठी दगडी छपराची रीत समजून घ्यावी लागते. गोल भिंत माणसाच्या खांद्याएवढी झाली की पुढच्या प्रत्येक थरातला दगड खालच्या थरापेक्षा दोन-तीन बोटे आत सरकवायचा. आत आलेले टोक खाली ढळू नये म्हणून दगडाच्या मागच्या टोकावर वरच्या थराचे वजन पडले पाहिजे. त्यासाठी दगड चपटा हवा आणि त्याची लांबी जाडीच्या कितीतरी पट हवी. शिवाय प्रत्येक थर गोल वर्तुळात पूर्ण होत असल्याने शेजारशेजारचे दगड एकमेकांना दाबून धरतात. पण तेही त्यांच्या कडा एकमेकींना पुरेशा लांबीवर भिडल्या तरच. थोडक्यात, हे छप्पर फरशीसारख्या दगडाचेच होते. पुलिया, प्रोव्हान्स आणि इस्त्रिया या तिन्ही ठिकाणचा दगड चुनखडीचा आहे. चुनखडी समुद्रतळाशी थरावर थर साचून बनते, म्हणून ती थरांच्या रेषेतच सुटते. शेतकऱ्याने नांगरट केली की तिथे आपोआप चपट्या चिपा वर येतात. त्या घडवाव्या लागत नाहीत, नुसत्या उचलून लावायच्या असतात.

सातारा-सांगलीचा दगड याच्या अगदी उलट जातीचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हारस दख्खनभर पसरून थिजला आणि त्याचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण झाला. त्याचे आजचे क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. आता सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात हे खरे, आणि त्या पायऱ्या म्हणजे लाव्ह्याचे वेगवेगळे थरच आहेत. पण असा एकेक थर कित्येक मीटर जाडीचा असतो आणि त्याच्या आत फरशीसारखा सुटेल असा पापुद्रा नसतो. थिजताना आकसल्यामुळे त्यात उभ्या-आडव्या भेगा पडतात. त्या भेगांतून पाणी शिरते, तिन्ही बाजूंनी कोपरे झिजवते आणि ठोकळ्याचा हळूहळू गोटा होतो. माळावरच्या रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत हे स्पष्ट दिसते: मध्ये टणक गोल गाभा आणि त्याच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी सुटणारी कुजकी साले. साले मुरूम होतात, गाभा शेतात धोंडा म्हणून शिल्लक राहतो. शेतकऱ्याच्या हाती येतो तो हाच धोंडा. गोल धोंडे एकमेकांना एखाद-दुसऱ्या बिंदूवर टेकतात. तो धोंडा दोन बोटे आत सरकवला की घरंगळतो.

हाच धोंडा तालीत का चालतो, हेही त्यातच कळते. तालीला कशावरही अधांतरी झुकायचे नसते. तिची एक बाजू मातीला टेकलेली असते, तळ रुंद आणि माथा अरुंद असतो, आणि तिचे काम वजनाने होते. एखादा दगड निसटला तरी शेजारचा खाली बसतो आणि भिंत पुन्हा जागेवर येते. छपरात मात्र एक दगड निसटला की त्याच्या आधाराने थांबलेले सगळे वर्तुळ सुटते. म्हणून एकाच माळावर, एकाच माणसाच्या हातून, भिंत दगडाची आणि छप्पर गवताचे अशी विभागणी झाली. ती बांधणाऱ्याने दगडाचा स्वभाव ओळखून केलेली निवड होती.

दगडाच्या जातीवर एवढा भर देणे कुणाला ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. पण त्याच्या पुराव्यासाठी फार लांब जायला नको. बेसाल्टचा प्रदेश ओलांडून पूर्वेला कलबुर्गीकडे गेले की शहाबादची चुनखडी लागते. महाराष्ट्रातल्या घराघरांत, स्वयंपाकाच्या ओट्यांखाली आणि अंगणात जी शहाबादी फरशी बसवलेली असते ती हीच. ती खाणीतूनच पातळ, सपाट निघते, आणि त्या भागात साध्या घरांवरही फरश्यांचे छप्पर घातलेले आढळते. हिमाचलातल्या कांगड्यात पाटीच्या दगडाची छपरे आहेत, जोधपूरच्या बाजूला वालुकाश्माच्या लांब पट्ट्यांची. या तिन्ही ठिकाणचे हवामान, जाती-जमाती, भाषा आणि शेती वेगळी आहे. समान आहे ते एवढेच, की तिथला दगड पातळ सुटतो. उलट बेसाल्ट ज्यासाठी सोयीचा आहे ते काम इथल्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच हेरले होते. ज्या खडकाला थर नसतात तो सगळ्या दिशांनी सारखा कोरता येतो. कराडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथे छप्पर रचावेच लागले नाही. डोंगर कोरला आणि वरचा अखंड खडक छप्पर म्हणून राहिला.

आता पहिला मोठा आक्षेप. बेसाल्टची रचाई करून छप्पर घालताच येत नाही, असे म्हणाल तर सार्डिनिया बेटावरचे काय? तिथे कांस्ययुगातले ‘नुरागे’ नावाचे हजारो दगडी बुरूज आहेत. बारुमिनी येथील प्रसिद्ध नुरागे बेसाल्टचाच आहे, आणि त्यातल्या दालनांची छपरे थर आत सरकवतच मिटवलेली आहेत. दक्षिण सीरियातल्या हौरान प्रदेशात आणि जॉर्डनमधल्या उम्म अल-जिमाल या गावात तर सबंध घरे बेसाल्टची आहेत, छपराच्या कडीपाटासकट. आक्षेप रास्त आहे, आणि त्याने युक्तिवाद अधिक नेमका करावा लागतो. बेसाल्टचे छप्पर अशक्य नाही. ते शेतकऱ्याला न परवडणारे आहे. नुरागेतले दगड प्रचंड आकाराचे आहेत. त्यांच्या वजनावर ती रचाई उभी राहते आणि ते चढवायला मोठा जमाव, तो जमवणारी सत्ता आणि बराच काळ लागतो. हौरानमध्ये लांब पट्ट्या पाथरवटांनी फोडून, घडवून काढलेल्या आहेत, कारण तिथे तुळईला लाकूडच नव्हते. शेतात वेचलेल्या धोंड्यांतून, घरच्याच माणसांनी, दोन पिकांच्या मधल्या सवडीत बांधलेली खोपटी यांपैकी एकही नाही. पुलियातल्या त्रुल्लीचे वैशिष्ट्य नेमके तेच आहे, आणि तेच चुनखडीशिवाय जमत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच मुलखातला आहे. वाई तालुक्यातल्या किकलीचे भैरवनाथ मंदिर पाहा, किंवा यादवकाळातले हेमाडपंती म्हणून ओळखले जाणारे कुठलेही मंदिर पाहा. चुन्याशिवाय घडीव दगड बसवून, कोपऱ्यांवर तिरके दगड टाकत, वर्तुळे लहान लहान करत आतले छत मिटवलेले असते. म्हणजे थर आत सरकवण्याची युक्ती आठशे वर्षांपासून गावात डोळ्यांसमोर होती. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारामोटेची विहीर १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. तिची घडीव दगडांची खोल, बहुकोनी भिंत आजही उभी आहे. इतके साधत होते तर खोपटे का नाही? याचे उत्तर ‘घडीव’ या एका विशेषणात आहे. मंदिराचा आणि विहिरीचा दगड पाथरवटाच्या छिन्नीखालून आला. वडार समाजातले गाडी वडार दगड फोडून वाहून आणत, माती वडार मातकाम करत आणि पाथरवट दगड घडवत. हे अवघड, मोल देऊन करून घेण्याचे काम होते. देव, राजघराणे किंवा चांगला बागाईतदार तो खर्च करू शके. विहिरीच्या भिंतीला तर आणखी एक मदत असते: बाहेरची माती सगळीकडून आत दाबते आणि त्या दाबाने गोल भिंतीतले दगड एकमेकांत आवळले जातात. उघड्या माळावरच्या छपराला असा बाहेरचा दाब नाही. ज्ञान होते, कारागीर होते. पण चार महिन्यांच्या राखणीच्या खोपीसाठी पाथरवट बोलावणारा शेतकरी शहाणा म्हटला गेला नसता.

आणि खोप हवी होती तरी कशासाठी? इथला शेतकरी मुख्यतः गावठाणात किंवा वाडीत राहत आला. शेतात मुक्कामाची गरज पिकाच्या ठरावीक दिवसांपुरती असे. रब्बीच्या शाळूची कणसे भरू लागली की पाखरे राखायची. त्यासाठी चार मेढींवरचा उंच माळा आणि हातात गोफण हवी. जमिनीलगतच्या दगडी घुमटातून पाखरे राखता येत नाहीत. मेंढपाळांची गरज त्याहून वेगळी. मेंढरे चाऱ्यामागे फिरणार, तर बिऱ्हाडही त्यांच्यामागे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळात सगळी वाडीच उठून जाते, हे वाचकांना आठवत असेल. ज्याला ओस टाकून जावे लागण्याची शक्यता नेहमीची आहे, तो निवाऱ्यात फार कष्ट गुंतवत नाही. माल साठवण्यासाठीही दगडी खोपटे लागले नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्धच आहेत. तिथल्या मातीत खोल खड्डे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे टिकवली जाई. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच निकामी केली. पुलियाच्या शेतकऱ्याने जमिनीच्या वर बांधले, हरिपूरच्या व्यापाऱ्याने जमिनीच्या आत खणले, कारण एकाच्या पायाखाली वीतभर मातीखाली खडक होता आणि दुसऱ्याच्या पायाखाली नदीकाठची खोल माती.

छपराच्या बाबतीतही इथल्या माणसाजवळ दगडापेक्षा सरस पर्याय होते. पश्चिमेकडे, महाबळेश्वर-जावळी-पाटणच्या पट्ट्यात, पावसाचा प्रश्नच वेगळा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कोरड्या रचाईचे छप्पर तिथे दगडादगडांतून गळले असते. तिथे कारवीचा कूड, बांबूचे वासे आणि गवताचे तीव्र उताराचे छप्पर हेच योग्य. पूर्वेला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे तिथे दगडी छप्पर चालले असते. पण तिथे जुन्या वस्तीच्या जागेवरची पांढरी माती उपलब्ध होती. लाकडाचा कडीपाट घालून त्यावर या मातीचा जाड थर चोपून बसवला की धाबे तयार होते. ते उन्हाळ्यात गार राहते, त्यावर धान्य आणि मिरच्या वाळवता येतात, रात्री झोपताही येते. गावातल्या कायमच्या घराला धाबे आणि रानातल्या हंगामी निवाऱ्याला गवत, अशी ही सोय होती. तिचे मूळही फार जुने आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला उत्खनन केले. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन गावात, म्हणजे जवळजवळ तीन हजार वर्षांमागे, घरे कुडाच्या व मातीच्या भिंतींची आणि गवताच्या छपराची होती. बेसाल्टच्या देशात शेती सुरू झाली तेव्हापासून छपराचा निर्णय बहुतेक बदललेला नाही.

गवताच्या छपराच्या बाजूने एक कटू पुरावाही आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. अभियंत्यांनी पडलेली घरे तपासली तेव्हा दोष दोन ठिकाणी सापडला. धाब्यांचे मातीचे ओझे प्रचंड होते, आणि भिंती गोल, अनघड काळ्या दगडांच्या दोन पदरी रचाईच्या होत्या. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड त्यांत नव्हते, त्यामुळे भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून फाटले आणि छप्पर खाली आले. अनघड बेसाल्ट जमिनीपासून वर उचलला की किती अविश्वासू ठरतो, हे तिथे दिसले. सातारा जिल्ह्याला याचा अनुभव त्याआधीच आला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात सुमारे १८० माणसे दगावली. त्या अर्थाने रानातली गवताची खोप ही सर्वांत निर्धोक वास्तू होती. ती पडली तरी माणूस मरत नाही.

यावर कुणी म्हणेल, कदाचित अशी दगडी खोपटी होती आणि पडून गेली असतील. गवताच्या खोपीचाही पुरावा कुठे राहतो? पण गवत कुजते, दगड कुजत नाही. छप्पर कोसळले तरी गोल भिंतीचा बुडखा आणि आत पडलेल्या चपट्या दगडांचा ढीग शेकडो वर्षे ओळखू येतो. युरोपात असे बुडखे हजारोंनी सापडतात. इथे गावोगाव रिकामे चौथरे आहेत, पडकी वाडगी आहेत, पण त्यांच्या भिंती सरळ वर गेलेल्या आणि छपराला लाकूड घेतलेल्या घरांच्या आहेत. पुलियाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली जाते, की तिथल्या सरंजामदाराने कर चुकवण्यासाठी लोकांना चुन्याशिवाय घरे बांधायला लावली, म्हणजे तपासनीस आला की ती झटपट पाडता यावीत. ही गोष्ट खरी मानली तरी ती फक्त चुना का नव्हता हे सांगते. दगड आत वळवता का आला, हे चुनखडीच सांगते.

आता हिशेबाचा भाग. शेतातला दगड उचलणे हे शेतकऱ्याला टाळता येत नाही, कारण तो नांगराच्या आड येतो. प्रश्न एवढाच, की उचललेला दगड टाकायचा कुठे. पुलियात माती मुळातच पातळ, पण जमीन बरीचशी सपाट. दगडाचे घर केले तर जागाही मोकळी होते. माणदेशात उतार आहे, आणि वर्षाचा सगळा पाऊस काही मोजक्या झडींत कोसळतो. त्या झडीत माती गेली की शेतच जाते. अशा ठिकाणी प्रत्येक धोंडा ताल म्हणून आडवा पडला तर तो माती अडवतो, पाण्याला थांबून मुरायला भाग पाडतो आणि खालच्या विहिरीला महिनाभर जास्त पाणी राहते. शिवाय ही भिंत कोरडीच असावी लागते. मातीत किंवा सिमेंटात बांधली तर मागे साचलेल्या पाण्याचा दाब तिला ढकलून देतो; कोरड्या रचाईतून पाणी गाळून निघून जाते आणि गाळ मागे राहतो. म्हणजे खोपीवर खर्च न केलेले श्रम वाया गेले नाहीत, ते शेतात घातले गेले. गवताचे छप्पर दर दोन-तीन वर्षांनी शाकारावे लागते, पण ते काम थोड्या दिवसांचे असते. ताल एकदा नीट घातली की पुढच्या पिढीपर्यंत पुरते. ज्याच्याकडे श्रम मोजके आहेत त्याने टिकाऊ वस्तू कुठे घालावी, हे इथल्या शेतकऱ्याने अचूक ओळखले होते.

याच कौशल्याचा सरकारी अवतार म्हणजे पाणलोटाच्या आराखड्यातले ‘अनघड दगडी बांध’. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातले वेळू आणि २०१८ साली माण तालुक्यातले टाकेवाडी पहिले आले. समतल चर, मातीचे नालाबांध यांबरोबर ओघळीतले दगडी बांध हा अशा श्रमदानाचा नेहमीचा भाग असतो. आजोबांनी उताराला घातलेल्या तालीचा आणि या बांधांचा सिद्धांत एकच आहे. फरक हा, की आजचा बांध पुष्कळदा घाईने, दगडांचा ढीग टाकावा तसा होतो: सांधेमोड नाही, पाया नाही, मोठा दगड माथ्यावर आणि बारीक तळाशी. दोन पावसाळ्यांत तो ओघळीबरोबर खाली येतो आणि दोष ‘दगडी बांधा’ला लागतो. त्याच वेळी उपसा योजनांचे पाणी आलेल्या भागांत रान सपाट करण्यासाठी यंत्राने जुन्या ताली एका दिवसात उखडल्या जातात. पाणी आले म्हणजे माती धुपायची थांबते असे नाही, पण ताल घालणारा माणूस मात्र त्या गावात उरत नाही.

२०१८ मध्ये युनेस्कोने क्रोएशिया, सायप्रस, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्लोव्हेनिया, स्पेन आणि स्वित्झर्लंड या देशांच्या कोरड्या रचाईच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात खोपट्यांइतकेच शेतातल्या गडग्यांना आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना महत्त्व दिलेले आहे. या निकषावर सातारा-सांगलीच्या ताली कुठेही उण्या पडत नाहीत. त्यांना यादीत जागा मिळवून देण्याआधी गावाच्या दफ्तरात जागा मिळाली तरी पुष्कळ आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या शिवारातल्या जुन्या ताली नकाशावर आणाव्यात, यंत्राने सपाटीकरण करण्यापूर्वी त्यांच्यामागे किती माती अडली आहे ते मोजावे, आणि रोजगार हमीच्या दगडी बांधांवर गावातल्या ज्या म्हाताऱ्यांना अजून ताल घालता येते त्यांना मजूर म्हणून नव्हे, शिकवणारे म्हणून बोलवावे आणि त्याचे मोल द्यावे. दगडी खोपटी नसल्याची खंत करण्याचे कारण नाही. इथल्या दगडाचे जे खरे काम होते ते शेतात उभे आहे. ते पडण्याआधी शिकून घेणे आपल्या हातात आहे.